लॅपटॉपची बॅटरी चार्ज का होत नाही? दोष शोधण्याची क्रमवार रीत

लॅपटॉप विजेला जोडलेला असतो, पडद्याच्या कोपऱ्यातील चिन्हही तसे दाखवीत असते; परंतु बॅटरीतील विजेचे प्रमाण मात्र वाढत नाही. विंडोज प्रणालीवर चालणाऱ्या संगणकावर अशा वेळी 'प्लग्ड इन, नॉट चार्जिंग', म्हणजे 'वीज जोडलेली आहे, पण चार्जिंग होत नाही', असा संदेश उमटतो. परीक्षेच्या तोंडावर असलेला विद्यार्थी असो, घरून काम करणारा कर्मचारी असो किंवा दुकानाचा हिशेब ठेवणारा व्यापारी असो, या संदेशाने सर्वांचीच तारांबळ उडते. अनेकांच्या मनात पहिला विचार येतो तो बॅटरी बदलण्याचा. नव्या बॅटरीसाठी काही हजार रुपये मोजावे लागतात आणि ती बसविल्यानंतरही तोच संदेश कायम राहिला, तर तो खर्च वाया जातो.

वास्तविक चार्जिंग न होण्याचे कारण प्रत्येक वेळी एकच नसते. भिंतीवरील सॉकेट, अडॅप्टर, त्याची वायर, लॅपटॉपमधील जोडणीची जागा, आतील चार्जिंगचा परिपथ आणि बॅटरीचा स्वतःचा नियंत्रक एवढे टप्पे ओलांडल्यावर वीज बॅटरीतील घटांपर्यंत पोहोचते. यांपैकी कोणताही टप्पा तुटला, तरी वापरणाऱ्याला दिसणारा परिणाम सारखाच असतो. याखेरीज, काही वेळा बिघाड असा काहीच नसतो. सुरक्षिततेच्या कारणास्तव बॅटरी किंवा संगणक स्वतःहून वीज घेण्याचे नाकारीत असतो. त्यामुळे दुरुस्तीच्या मागे लागण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर मिळविणे अगत्याचे ठरते : वीज पोहोचतच नाही, की पोहोचलेली वीज नाकारली जात आहे? हे उत्तर घरच्या घरी, कोणतेही उपकरण न उघडता, बऱ्याच अंशी मिळविता येते.

सर्वप्रथम : बॅटरी फुगलेली नाही ना?

कोणतीही तपासणी सुरू करण्यापूर्वी लॅपटॉप बंद करून सपाट टेबलावर ठेवावा आणि त्याचे नीट निरीक्षण करावे. तो टेबलावर डगमगतो आहे का, टचपॅड वर उचलला गेला आहे का, कळफलक मध्यभागी फुगीर झाला आहे का, खालच्या झाकणाच्या फटी रुंदावल्या आहेत का, लॅपटॉप पूर्वीसारखा पूर्ण मिटतो का, हे पाहावे. एखादा गोडसर किंवा रसायनासारखा वास येत असल्यास त्याकडे दुर्लक्ष करू नये.

ही लक्षणे बॅटरीतील घटांमध्ये वायू निर्माण झाल्याची असतात. यांपैकी एकही लक्षण आढळल्यास अडॅप्टर तत्काळ काढावा आणि चार्जिंगचा प्रयत्न तेथेच थांबवावा. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, तसेच झाकण जोर लावून बसविण्याचा प्रयत्न करू नये. लॅपटॉप अंथरूण, कागद, पडदे अशा पेटणाऱ्या वस्तूंपासून दूर, फरशीसारख्या जागी ठेवून उत्पादकाच्या दुरुस्ती केंद्राशी संपर्क साधावा. धूर किंवा ज्वाला दिसल्यास घरातील सर्वांनी बाहेर पडावे आणि ११२ किंवा १०१ या क्रमांकावर मदत मागावी. जळणाऱ्या बॅटरीतून निघणारा धूर विषारी असतो.

'आतील माहिती नाहीशी होईल' या भीतीने अनेक जण फुगलेल्या बॅटरीसह लॅपटॉप वापरीत राहतात. ही भीती निराधार आहे. फायली आणि छायाचित्रे डिस्कवर साठविलेली असतात. बॅटरी काढल्याने ती पुसली जात नाहीत. तंत्रज्ञ बॅटरी वेगळी करून ही माहिती काढून देऊ शकतो.

बॅटरी वीज नाकारते, ती का?

आजच्या लॅपटॉपमध्ये लिथियम-आयन प्रकारची बॅटरी असते. सोनी या जपानी कंपनीने १९९१ साली ती प्रथम बाजारात आणली. या बॅटरीच्या विकासाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ले व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तीन शास्त्रज्ञांना २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले. जुन्या लॅपटॉपमध्ये सर्रास १८ मिलिमीटर व्यासाचे आणि ६५ मिलिमीटर लांबीचे दंडगोलाकार घट वापरले जात. हल्लीच्या सडपातळ यंत्रांत चपटे घट असतात. एका घटाचा सर्वसाधारण विद्युतदाब सुमारे ३.७ व्होल्ट असतो आणि पूर्ण भरल्यावर तो साधारणतः ४.२ व्होल्टपर्यंत जातो. असे काही घट एकमेकांना जोडून लॅपटॉपची बॅटरी तयार होते.

या घटांच्या सोबतीला एक लहानसा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक असतो. प्रत्येक घटाचा विद्युतदाब, आत येणारा व बाहेर जाणारा विद्युतप्रवाह आणि तापमान यांवर तो सतत लक्ष ठेवतो. पडद्यावर दिसणारा टक्केवारीचा आकडा याच नियंत्रकाने केलेल्या मोजणीतून येतो. चार्जिंगच्या सुरुवातीला प्रवाह स्थिर ठेवला जातो. घट भरत आले की विद्युतदाब स्थिर ठेवून प्रवाह हळूहळू कमी केला जातो. अखेरचे वीस टक्के भरण्यास अधिक वेळ लागतो तो यामुळेच.

या नियंत्रकाला कठोर राहावे लागते, कारण घटांमधील द्रावण ज्वालाग्राही असते. घट प्रमाणाबाहेर भरला, तर तो तापून पेटू शकतो. घट फारच रिकामा होऊन पडून राहिला, तर त्याच्या आतील तांब्याचा पत्रा विरघळू लागतो आणि पुढे चार्जिंग करताना आतल्या आत शॉर्ट सर्किट होण्याचा धोका निर्माण होतो. गोठणबिंदूखालील तापमानात चार्जिंग केल्यास ग्राफाइटच्या पृष्ठभागावर धातुरूप लिथियमचा थर साचतो, आणि तोही धोकादायक असतो.

हे धोके केवळ पुस्तकी नाहीत. ऑगस्ट २००६ मध्ये डेल कंपनीने लॅपटॉपच्या सुमारे ४१ लाख बॅटऱ्या परत मागविल्या आणि त्याच महिन्यात अ‍ॅपलनेही सुमारे १८ लाख बॅटऱ्या परत घेतल्या. या बॅटऱ्यांतील घट सोनीने बनविलेले होते आणि उत्पादनाच्या वेळी आत राहून गेलेल्या धातूच्या सूक्ष्म कणांमुळे शॉर्ट सर्किट होत असल्याचे निष्पन्न झाले होते. जून २०१९ मध्ये अ‍ॅपलने प्रामुख्याने सप्टेंबर २०१५ ते फेब्रुवारी २०१७ या काळात विकलेल्या १५ इंची मॅकबुक प्रो संगणकांपैकी काहींच्या बॅटऱ्या विनामूल्य बदलून देण्याची घोषणा केली. आपला लॅपटॉप अशा एखाद्या योजनेत मोडतो का, हे उत्पादकाच्या संकेतस्थळावर अनुक्रमांक देऊन पाहता येते.

तात्पर्य, नियंत्रक वीज नाकारीत असेल, तर त्याला बगल देऊन घटांना बाहेरून वीज पुरविण्याचे प्रयोग जिवावर बेतू शकतात. नकाराचे कारण शोधणे हाच योग्य मार्ग होय.

वीज लॅपटॉपपर्यंत येते का?

तपासणीची सुरुवात भिंतीपासून करावी. ज्या सॉकेटला अडॅप्टर जोडला आहे, तेथे दुसरे एखादे उपकरण लावून पाहावे. एक्स्टेंशन बोर्ड वापरीत असल्यास तो वगळून अडॅप्टर थेट भिंतीवरील सॉकेटला जोडावा. सैल झालेले बोर्ड हे तक्रारीचे अगदी साधे कारण असू शकते. बहुतेक अडॅप्टर १०० ते २४० व्होल्ट इतक्या विद्युतदाबावर काम करतात, त्यामुळे २३० व्होल्टच्या घरगुती पुरवठ्यातील किरकोळ चढउतार त्यांना सहज सोसतात. मात्र जेथे विद्युतदाब वारंवार फार खाली जातो, तेथे दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी चार्जिंग करून फरक पडतो का, हे पाहावे.

त्यानंतर अडॅप्टरकडे वळावे. अनेक अडॅप्टरच्या ठोकळ्यात सॉकेटकडून येणारी वायर वेगळी काढता येते. ती काढून पुन्हा घट्ट बसवावी. अडॅप्टरवर दिवा असल्यास तो लागतो का, आणि लॅपटॉपला जोडताच विझतो का, याची नोंद घ्यावी. जोडताच दिवा विझत असेल, तर वायरमध्ये किंवा लॅपटॉपच्या आत शॉर्ट सर्किट असण्याची शक्यता असते. अशा वेळी पुन्हा पुन्हा जोडून पाहू नये. वायर ज्या ठिकाणी ठोकळ्यातून किंवा पिनेतून बाहेर येते, तेथे ती वाकून आतून तुटण्याचा संभव सर्वाधिक असतो. वरचे आवरण सोललेले, काळवंडलेले किंवा चिकटपट्टी गुंडाळलेले असल्यास तो अडॅप्टर बाद समजावा.

लॅपटॉपच्या बाजूची जोडणीची जागाही पाहणे आवश्यक आहे. पिन आत घातल्यावर ती हलते का, विशिष्ट कोनात धरल्यावरच वीज येते का, हे तपासावे. तसे होत असल्यास ती जागा आतून सैल झाली आहे आणि तिची दुरुस्ती बॅटरीच्या मानाने पुष्कळदा स्वस्तात होते. यूएसबी-सी प्रकारच्या खोबणीत धूळ व कापडाचे तंतू साचतात, त्यामुळे पिन पूर्ण आत बसत नाही. लॅपटॉप बंद करून, अडॅप्टर काढून, लाकडी दातकोरण्याने हा कचरा हळुवारपणे काढावा. सुई, टाचणी अथवा अन्य धातूची वस्तू कधीही वापरू नये.

बॅटरी सुटी होणारी असेल, तर येथे एक निर्णायक चाचणी करता येते. लॅपटॉप बंद करून बॅटरी बाहेर काढावी आणि केवळ अडॅप्टरवर तो सुरू करून पाहावा. तो सुरळीत चालला, तर अडॅप्टर आणि जोडणीची जागा यांतून वीज येत आहे, हे सिद्ध होते. मात्र ज्या लॅपटॉपमध्ये बॅटरी आत बंदिस्त असते, तेथे हा प्रयोग घरी करू नये.

अडॅप्टरवरील आकडे काय सांगतात?

घरात दोन लॅपटॉप असले की अडॅप्टरची अदलाबदल होणे स्वाभाविक असते. पिन बसली म्हणजे अडॅप्टर चालेल, असे मात्र नाही. अडॅप्टरच्या तळाशी 'आउटपुट' या शब्दापुढे व्होल्ट आणि अँपिअर असे दोन आकडे छापलेले असतात. त्यांचा गुणाकार केला की वॅटमध्ये शक्ती मिळते. उदाहरणार्थ, १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपिअर यांचा गुणाकार सुमारे ६५ वॅट होतो, १९.५ व्होल्ट आणि २.३१ अँपिअर यांचा ४५ वॅट. ६५ वॅटची गरज असलेल्या लॅपटॉपला ४५ वॅटचा अडॅप्टर जोडला, तर संगणक चालू राहण्यापुरती वीज मिळते, परंतु बॅटरी भरण्यासाठी शिल्लक काही उरत नाही. जड काम सुरू असताना बॅटरीतील टक्केवारी उलट कमी होऊ लागते.

याची परीक्षा सोपी आहे. लॅपटॉप पूर्णपणे बंद करून अर्धा तास विजेला जोडून ठेवावा. बंद असताना बॅटरी भरत असेल आणि चालू असताना भरत नसेल, तर दोष बहुधा बॅटरीचा नसतो. अडॅप्टर कमी शक्तीचा आहे किंवा संगणक प्रणालीतील एखादी व्यवस्था आड येत आहे, असा निष्कर्ष काढता येतो.

अडॅप्टर बदलताना व्होल्टचा आकडा मूळ अडॅप्टरइतकाच असावा. अँपिअरचा आकडा मूळच्याइतका किंवा त्याहून अधिक असल्यास हरकत नाही, कारण लॅपटॉप आपल्याला हवा तेवढाच प्रवाह खेचून घेतो.

लॅपटॉप चालतो, पण बॅटरी भरत नाही, असे का घडते?

काही कंपन्यांच्या अडॅप्टरमध्ये वीज वाहून नेणाऱ्या तारांव्यतिरिक्त ओळख पटविणारी एक बारीक तार असते. गोल पिनेच्या मध्यभागी दिसणारी सुईसारखी पिन ती हीच. या तारेतून अडॅप्टर आपली शक्ती किती आहे, हे लॅपटॉपला कळवितो. ही पिन वाकली किंवा तार तुटली, तर वीज येत राहते, पण ओळख पटत नाही. डेल कंपनीच्या अनेक लॅपटॉपवर अशा वेळी अडॅप्टरचा प्रकार ठरविता येत नसल्याचा संदेश संगणक सुरू होतानाच दिसतो. लॅपटॉप संथ गतीने चालतो आणि बॅटरी चार्ज करीत नाही. येथे बॅटरी बदलून काहीही साध्य होत नाही. त्याच जातीचा, चालू स्थितीतील दुसरा अडॅप्टर काही मिनिटांसाठी मागून आणून जोडून पाहिला, की शंकेचे निरसन होते.

यूएसबी-सी जोडणीत हीच बोलणी वेगळ्या रीतीने होतात. चार्जर आणि लॅपटॉप आधी एकमेकांशी संकेतांची देवाणघेवाण करतात आणि ५, ९, १५ किंवा २० व्होल्ट यांपैकी कोणता विद्युतदाब द्यायचा, हे ठरवितात. मोबाईलचा छोटा चार्जर सहसा लॅपटॉपला पुरेल एवढी शक्ती देऊ शकत नाही. मग लॅपटॉप तो नाकारतो किंवा 'स्लो चार्जर' असा इशारा देतो. वायरही तितकीच महत्त्वाची असते. साधी यूएसबी-सी वायर ३ अँपिअरपर्यंत, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅटपर्यंत वीज वाहून नेते. त्याहून अधिक शक्तीसाठी ५ अँपिअर क्षमतेची आणि आपली क्षमता सांगणारी चिप बसविलेली वायर लागते. त्यामुळे चार्जर १०० वॅटचा असूनही केवळ वायरमुळे चार्जिंग मंदावते. शिवाय, लॅपटॉपला असलेली प्रत्येक यूएसबी-सी खोबण चार्जिंगसाठी असतेच असे नाही. खोबणीशेजारी विजेचे किंवा अडॅप्टरचे चिन्ह आहे का, हे पाहावे.

८० टक्क्यांवर थांबणे हा बिघाड नव्हे

अनेक तक्रारींमध्ये बॅटरी ६० किंवा ८० टक्क्यांपर्यंत भरते आणि तेथेच थांबते. हा बहुधा दोष नसून उत्पादकाने मुद्दाम केलेली योजना असते. लिथियम-आयन घट सतत काठोकाठ भरलेला आणि उष्ण राहिला, तर त्याची क्षमता लवकर घटते. ज्यांचा लॅपटॉप दिवसभर विजेला जोडलेलाच असतो, त्यांच्यासाठी लेनोवो, आसुस, डेल, एचपी आदी कंपन्यांनी चार्जिंगला मर्यादा घालण्याची सोय दिलेली आहे. अ‍ॅपलच्या मॅक संगणकांवरही २०२० पासून चार्जिंगचे असे नियमन होते.

या मर्यादेची निवड उत्पादकाच्या स्वतःच्या आज्ञावलीत किंवा संगणक सुरू होताना उघडणाऱ्या 'बायोस' या मूलभूत व्यवस्थेत असते. बॅटरीविषयक विभाग उघडून तेथे 'कन्झर्व्हेशन', 'बॅटरी हेल्थ' किंवा 'प्रायमरिली एसी यूज' अशा नावाचा पर्याय सुरू आहे का, ते पाहावे. प्रवासाला निघण्यापूर्वी बॅटरी पूर्ण भरून हवी असल्यास हा पर्याय तात्पुरता बंद करता येतो. एरवी तो सुरू ठेवणेच हिताचे असते.

तापमानाचा परिणाम

लिथियम-आयन बॅटरीचे चार्जिंग सर्वसाधारणपणे ० ते ४५ अंश सेल्सिअस या मर्यादेत करायचे असते. येथे अभिप्रेत आहे ते बॅटरीचे तापमान. आणि लॅपटॉप चालू असताना ते खोलीच्या तापमानापेक्षा सहसा अधिक असते. मे महिन्यात नागपूर किंवा चंद्रपूर येथे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा पंख्याखालील खोलीत गादीवर ठेवलेला लॅपटॉप ही मर्यादा सहज ओलांडतो. मग नियंत्रक चार्जिंग थांबवितो आणि यंत्र थंड झाल्यावर ते आपोआप सुरू करतो. याउलट, लेह येथील हिवाळ्यात रात्रभर गाडीत राहिलेला लॅपटॉप आणल्याबरोबर विजेला जोडला, तर तो वीज घेत नाही.

दोन्ही ठिकाणी उपाय एकच : वाट पाहणे. तापलेला लॅपटॉप बंद करून कठीण, सपाट पृष्ठभागावर सावलीत ठेवावा आणि हवा खेळती राहू द्यावी. तो शीतकपाटात ठेवू नये; आत दव जमून नवा बिघाड होतो. गारठलेला लॅपटॉप खोलीच्या तापमानाला येईपर्यंत बंद ठेवावा. त्याला हीटरसमोर धरू नये. दुपारी न होणारे चार्जिंग पहाटे सुरळीत होत असेल, तर कारण बहुधा तापमानाचे आहे, असे समजावे. पंख्याच्या जाळीत साचलेली धूळ साफ करवून घेतल्यास पुष्कळदा ही तक्रार दूर होते.

नियंत्रकाला नव्याने सुरुवात करून देणे

वीज येत आहे, अडॅप्टर योग्य आहे, मर्यादा घातलेली नाही आणि तापमानही ठीक आहे, तरीही चार्जिंग होत नसेल, तर चार्जिंगवर देखरेख ठेवणारी व्यवस्था अडकून पडलेली असू शकते. त्यासाठी पुढील क्रिया करावी. लॅपटॉप बंद करावा. अडॅप्टर आणि जोडलेली इतर सर्व उपकरणे काढावीत. बॅटरी सुटी होणारी असल्यास तीही काढावी. पॉवरचे बटण १५ ते ३० सेकंद दाबून धरावे. त्यानंतर बॅटरी बसवून, अडॅप्टर जोडून लॅपटॉप सुरू करावा. बंदिस्त बॅटरीच्या लॅपटॉपसाठीही बटण दाबून धरण्याची ही क्रिया चालते. परंतु मॉडेलनुसार तिच्यात फरक असतो, म्हणून उत्पादकाची पुस्तिका एकदा पाहून घ्यावी.

यानेही फरक न पडल्यास विंडोजमधील 'डिव्हाइस मॅनेजर' उघडावा. त्यातील 'बॅटरीज' या शीर्षकाखाली 'मायक्रोसॉफ्ट एसीपीआय-कम्प्लायंट कंट्रोल मेथड बॅटरी' अशी नोंद दिसते. तिच्यावर उजवी कळ दाबून 'अनइन्स्टॉल' निवडावे आणि संगणक पुन्हा सुरू करावा. विंडोज ही नोंद आपण होऊन परत तयार करते. या क्रियेने कोणतीही फाईल नष्ट होत नाही.

उत्पादक काही वेळा चार्जिंगमधील दोष दूर करण्यासाठी बायोसची सुधारित आवृत्ती प्रसृत करतात. तथापि, बॅटरी रिकामी असताना ही आवृत्ती बसविण्याचे धाडस करू नये. मध्येच वीज गेली, तर लॅपटॉप सुरूच न होण्याची आपत्ती ओढवते.

बॅटरी बरेच महिने वापराविना पडून राहिली असल्यास थोडा धीर धरावा. खोलवर रिकाम्या झालेल्या घटांना नियंत्रक सुरुवातीला अत्यल्प प्रवाह देतो आणि त्या काळात टक्केवारी शून्यावरच राहते. लॅपटॉप नजरेसमोर ठेवून एखादा तास तो विजेला जोडून पाहावा. तरीही प्रतिसाद न मिळाल्यास नियंत्रकाने त्या घटांना कायमचे बाद ठरविले असण्याची शक्यता असते.

बॅटरीचे आयुष्य संपले, हे कसे ओळखावे?

बॅटरी बदलण्याचा निर्णय अंदाजाने न घेता आकड्यांच्या आधारे घेता येतो. विंडोजमध्ये बॅटरीचा सविस्तर अहवाल मिळविण्याची सोय आहे. 'कमांड प्रॉम्प्ट' उघडून पी, ओ, डब्ल्यू, ई, आर, सी, एफ, जी ही आठ इंग्रजी अक्षरे सलग टंकित करावीत. मग एक जागा मोकळी सोडून उजवीकडे झुकणारी तिरपी रेघ द्यावी आणि तिला लागूनच 'बॅटरीरिपोर्ट' हा शब्द इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता, लिहून 'एंटर' कळ दाबावी. अहवालाची फाईल कोठे साठविली, हे पडद्यावर दिसते.

या अहवालात दोन आकडे महत्त्वाचे असतात. 'डिझाइन कपॅसिटी' म्हणजे बॅटरी नवी असतानाची क्षमता आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' म्हणजे आज ती जास्तीत जास्त किती वीज साठवू शकते, तो आकडा. समजा, पहिला आकडा ५०,००० मिलिवॅट-तास आणि दुसरा ३०,००० असेल, तर बॅटरीची ६० टक्के क्षमता उरली आहे. ही बॅटरी पूर्वीपेक्षा लवकर संपेल, पण ती चार्ज मात्र व्हायला हवी. म्हणून चार्जिंग पूर्ण थांबण्याचे कारण केवळ तिचे वय आहे, असे मानू नये. उलट, दुसरा आकडा शून्याच्या जवळ असेल किंवा अहवालात बॅटरीची नोंदच नसेल, तर बॅटरी अथवा तिची अंतर्गत जोडणी निकामी झाल्याचा संशय रास्त ठरतो.

मॅक संगणकावर 'सिस्टिम सेटिंग्ज'मधील बॅटरी विभागात 'नॉर्मल' किंवा 'सर्व्हिस रेकमेंडेड' असा शेरा दिसतो. अ‍ॅपलच्या आजच्या लॅपटॉपची बॅटरी १,००० चार्जिंग-चक्रांनंतर मूळच्या ८० टक्क्यांपर्यंत क्षमता राखेल, अशा रीतीने बनविलेली असते. एक चक्र म्हणजे एकूण १०० टक्के विजेचा वापर; आज निम्मी आणि उद्या निम्मी बॅटरी वापरली, तर दोन दिवसांत एक चक्र पूर्ण होते.

नवी बॅटरी आणि जुन्या बॅटरीची विल्हेवाट

बॅटरी बदलावीच लागणार असेल, तर प्रथम हमीची कागदपत्रे पाहावीत. बॅटरीच्या हमीची मुदत लॅपटॉपच्या हमीपेक्षा वेगळी असू शकते. नवी बॅटरी घेताना लॅपटॉपचे मॉडेल आणि जुन्या बॅटरीवरील भाग-क्रमांक जुळवून पाहावा. लॅपटॉपचे अडॅप्टर आणि अशा बॅटऱ्या यांना भारतात भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी लागू आहे. नोंदणीकृत वस्तूवर ब्युरोचे चिन्ह आणि 'आर' या इंग्रजी अक्षरापुढे आठ अंकी क्रमांक असतो. 'बीआयएस केअर' या मोबाईल अ‍ॅपवर तो क्रमांक खरा आहे की नाही, याची पडताळणी ग्राहकाला करता येते. अतिशय स्वस्तात मिळणाऱ्या, चिन्ह नसलेल्या बॅटरीत संरक्षक नियंत्रक निकृष्ट असू शकतो.

जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नये. कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली, तर ती पेटू शकते आणि तिची झळ सफाई कर्मचाऱ्यांना बसते. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये अधिसूचित केलेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची व्यवस्था करण्याची जबाबदारी उत्पादक व आयातदारांवर टाकण्यात आली आहे. या बॅटऱ्या इतर कचऱ्यापासून वेगळ्या ठेवून संकलन किंवा पुनर्वापर केंद्राकडे सोपविणे, हे ग्राहकाचेही कर्तव्य ठरविण्यात आले आहे. नवी बॅटरी जेथे बसविली, तेथेच जुनी जमा करण्याविषयी विचारणा करणे सर्वांत सोयीचे पडते. जुन्या बॅटरीची टोके चिकटपट्टीने झाकून ठेवावीत.

दुरुस्ती केंद्रात जाताना

वरील सर्व तपासण्या करूनही दोष सापडला नाही, तर तो लॅपटॉपच्या मुख्य बोर्डावरील चार्जिंगच्या परिपथात असू शकतो आणि तेथे तंत्रज्ञाचीच गरज भासते. जोपर्यंत बॅटरीत थोडी वीज शिल्लक आहे किंवा लॅपटॉप अडॅप्टरवर चालतो आहे, आणि बॅटरी फुगलेली नाही, तोपर्यंत महत्त्वाच्या फायलींची प्रत पेन ड्राइव्हवर किंवा अन्य ठिकाणी काढून ठेवावी.

केंद्रात जाताना आपण केलेली निरीक्षणे एका कागदावर लिहून न्यावीत. अडॅप्टरवरील व्होल्ट आणि अँपिअरचे आकडे, दुसरा अडॅप्टर लावून पाहिल्यावर काय झाले, लॅपटॉप बंद असताना बॅटरी भरते का, टक्केवारी कोणत्या आकड्यावर थांबते आणि बॅटरीच्या अहवालातील दोन क्षमता, एवढ्या नोंदी पुरेशा आहेत. 'चार्ज होत नाही' एवढेच सांगणाऱ्या ग्राहकाला थेट नव्या बॅटरीचे देयक हाती पडण्याचा संभव असतो. या पाच नोंदी समोर ठेवल्या, तर तंत्रज्ञाला दोषाच्या जागी लवकर पोहोचता येते, आणि कोणता भाग कशासाठी बदलला, हे ग्राहकालाही विचारता येते.